चार बोटं जास्त, चार बोटं कमी

पडदेवाल्याला सगळे लंबू म्हणत. हे नाव ठेवायला कुणी फार डोकं लावलं नव्हतं. माणूस उंच होता, एवढंच. इतका उंच, की चांगल्या ऐसपैस दारातूनसुद्धा तो सवयीनं मान वाकवून आत शिरे, आणि नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, काय नम्र माणूस आहे! नम्र वगैरे तो अजिबात नव्हता. आपल्या कामाचा त्याला चांगला ताठा होता. कुणी चुकून म्हणालं की अमक्याचे पडदे छान दिसतात, तर हा विचारणार, "लावले कुणी?" आपण लावलेले नसले तर त्याला त्या पडद्यांत काहीतरी खोट दिसायचीच.

धंदा तो मामाच्या दुकानात शिकला. मामा तिरसट आणि अबोल. त्यानं शिकवलं ते एवढंच: शिडीवर चढायचं, दांडीच्या वरच्या कडेला टेप लावायचा, खाली जमिनीपर्यंत सोडायचा आणि आकडा मोठ्यानं ओरडायचा. पुढं मामा गेला आणि दुकान लंबूकडं आलं. त्याच सुमाराला त्याचं लग्न झालं आणि शिडीखाली त्याची बायको येऊन उभी राहिली. लग्न झालं तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडं काही येत नव्हतं, असं लंबू ज्याला त्याला सांगे. ती शेजारीच असली तर नुसती हसे, आणि हसता हसता हातातलं कापड जरा जोरात झटके.

हळूहळू सगळं आपोआप ठरून गेलं. वरचं काम लंबूचं, खालचं तिचं. लोकांच्या घरी जाऊन मापं तो घेणार. ती ऐकून डोक्यात ठेवणार, दुकानात येऊन कापणार आणि शिवणार. मग दोघं मिळून पडदे लावायला जाणार. गिऱ्हाइकांशी बोलायचं त्यानं, तक्रार आली तर निस्तरायची त्यानं. पण तक्रार सहसा येतच नसे. त्यांचे पडदे जमिनीला अलगद टेकत, ना कमी ना जास्त. गावानं दोघांना मिळून जोडगोळी म्हणायला सुरुवात केली. लंबू एकटा चहाला बसलेला दिसला की कुणीतरी हटकणारच, "आज दुसरी गोळी कुठाय?" लंबूला ते फार आवडे. तिला आवडतं का, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. त्याला वाटे, एका गोळीला आवडलं म्हणजे दुसरीला आवडलंच.

मुलगी शिकायला लांब गेली, घर जरा मोकळं झालं, आणि एका दुपारी चहाचा कप खाली ठेवत बायको म्हणाली, "वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं काम आलंय. ते मी एकटी करते."

"एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी. माप मी घेणार, कापड मी निवडणार, कापणार, शिवणार, लावणार."

"शिडीवर तू चढणार?"

"का? शिडी काय मिशावाल्यांनाच वर घेते?"

लंबूला मिशा नव्हत्या, तरी ते त्याला लागलं. "अगं, पण का? माझं काही चुकलं का? मी काही बोललो का तुला?"

"तुमचं काही नाही हो. तेच तर सांगतेय, ह्यात तुमचं काहीच नाही." तिनं कप बाजूला सारला. "इतकी वर्षं हे काम करतेय, पण मला ते येतं का, हे मला माहीत नाही. दोघांना मिळून येतं, ते माहीत आहे. मला येतं का?"

"येतंच की! मी सांगतो ना."

"तुम्ही सांगून काय उपयोग? मला बघायचंय."

आणि तिनं अट घातली. काम होईपर्यंत त्यानं तिकडं फिरकायचं नाही आणि काही विचारायचंही नाही. ती आपणहून सांगेल तेवढंच ऐकायचं. लंबूनं मान डोलावली खरी, पण त्या दिवसापासून त्याला कुठं चैन पडेना. ती संध्याकाळी घरी आली की हा तिच्या तोंडाकडं बघत बसे. ती भाजी चिरी, हा ओट्याजवळ उगाच डबे हलवी.

"कापड मिळालं," ती एकदा म्हणाली. "गर्द निळं. दुकानदाराकडं होतं नव्हतं तेवढं सगळं घेतलं. आता तो रंग येणारच नाही म्हणतो."

"निळं? निळं उन्हात फिकं पडतं."

तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. "पडलं तर माझं पडेल," ती म्हणाली आणि पुढं पुष्कळ दिवस त्या कामाबद्दल काहीच बोलली नाही.

तिकडं लंबूच्या अंगावर दातांच्या दवाखान्याचं काम होतं. बायको नाही म्हटल्यावर शिवायला माणूस हवं. मागच्या गल्लीतल्या एक मावशी शिवणकाम करायच्या. त्यांना त्यानं मापं सांगितली आणि कापड देऊन टाकलं. मावशी हाताला चोख होत्या. सांगाल तेवढंच करणार, त्यात आपलं डोकं घालणार नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

दवाखान्याचे पडदे शिवून तयार झाले त्या सकाळी बायको मोठी कात्री पिशवीत घालून निघाली. "आज कापायला घेते," दारात चपला घालताना ती म्हणाली. लंबू "बरं" म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून दवाखान्याच्या वाटेला लागला.

दवाखान्यातली बाहेरची खोली लहानशी होती. भिंतीला टेकून खुर्च्या, मधे जुन्या मासिकांचं टेबल आणि गाल धरून बसलेले दोन पेशंट. लंबूनं दांडीत कड्या ओवल्या, कड्यांना हुक अडकवले आणि पडदा सोडला. पडदा खाली आला आणि फरशीवर चक्क लोळला. चार बोटं कापड जमिनीवर पसरलं. त्याला वाटलं, एखादी कडी सुटली असेल. सगळ्या कड्या जागच्या जागी होत्या. दुसरा पडदा सोडला, तोही लोळला. तिसऱ्याचीही तीच तऱ्हा.

झाडलोट करणारी बाई बादली घेऊन उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली. "उद्यापासून मी येत नाही. तुमचे पडदेच फरशी पुसतील."

गाल धरलेल्यांपैकी एक जण हसला आणि लगेच कळवळला. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी पडद्यांकडं पाहिलं, मग लंबूकडं, आणि अगदी सहज विचारलं, "आज तुमच्या मिसेस नाही आल्या?"

तोंडात मारल्यासारखा लंबू एक पडदा काढून काखेत मारून निघाला तो थेट मावशींकडं. मावशी बधल्या नाहीत. "तुम्ही चौऱ्याऐंशी इंच म्हणालात, मी चौऱ्याऐंशी केलं. वरची पट्टी, खालची दुमड, सगळं धरून. हे घ्या, मोजा." मोजलं तर खरंच चौऱ्याऐंशी. "माप घेताना चुकलं असेल तुमचं," मावशी म्हणाल्या. लंबूला हसूच आलं. माप? आणि माझं?

तो तणतणत परत दवाखान्यात गेला, शिडीवर चढला, दांडीच्या वरच्या कडेला टेप लावून खाली सोडला. चौऱ्याऐंशी. आता ह्यापुढं काय म्हणायचं! टेप गुंडाळताना त्याचा हात एका कडीला लागला. कडी दांडीच्या खाली लोंबत होती. हुक कडीच्या खाली होता. आणि पडदा हुकाच्या खाली सुरू होत होता. लंबूनं हळूच आपली बोटं दांडीच्या वरच्या कडेपासून हुकापर्यंत लावून बघितली. बरोबर चार बोटं.

मामाच्या वेळी कड्याबिड्या नव्हत्या. पडद्याला वर नेफा असे आणि दांडी त्यातूनच ओवत, म्हणून वरच्या कडेपासून माप. पुढं कड्या आल्या, हुक आले, मामा गेला, पण लंबूचा टेप काही वरच्या कडेवरून उतरला नाही. म्हणजे इतकी वर्षं ह्याचं प्रत्येक माप चार बोटं जास्त होतं. आणि तरी एकही पडदा कधी लोळला नव्हता. म्हणजे खाली उभी राहून आकडा ऐकणारी बाई दुकानात जाऊन, एका शब्दानं न बोलता, प्रत्येक पडदा चार बोटं कमी कापत होती.

आधी त्याला तिचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली. मग असं भरून आलं, की समोर पेशंट बसलेत म्हणून बरं, नाहीतर तो तिथंच डोळे पुसत बसला असता. आणि त्या भरून येण्याच्या मधेच त्याला घरच्या स्वयंपाकघरातला पडदा आठवला.

तो पडदा तिनं एकटीनं केला होता. लंबूचा पाय मुरगळला होता, म्हणून माप तिनंच घेतलं, कापलं तिनंच. लावला तर चार बोटं आखूड. दोघांनी मिळून कापडाला शिव्या दिल्या होत्या, धुण्यात आटलं म्हणून. पडदा तोवर एकदाही धुतलेला नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता लंबूला लख्ख कळलं. तिनं माप बरोबर घेतलं होतं. कापताना सवयीनं चार बोटं कमी केली होती. आज ती वाचनालयात तेच करणार होती. आणि त्या निळ्या कापडाचा आता वीतभर तुकडासुद्धा कुठं मिळणार नव्हता.

त्यानं तिला फोन लावला.

"काय हो?"

"काही नाही. पोचलीस का?"

"मघाच पोचले. का?"

"सहज. कापायला घेतलंस?"

"अहो, काय ठरलं होतं आपलं?"

"मी कुठं काय म्हणालो? डबा खाल्लास का, एवढंच विचारत होतो."

"एवढ्या सकाळी डबा?"

"बरं. मग नंतर खा."

फोन ठेवून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. एक वाक्य सांगायचं होतं. तिच्या आवाजातली ती धार ऐकून ते राहूनच गेलं. फोनवर नकोच, त्यानं ठरवलं. समोरासमोर सांगू.

वाचनालय चढावर होतं. जुनी दगडी इमारत, उंच खिडक्या, पडद्यांसाठी आठवडाभर वाचकांना बंद. लंबू रस्त्याच्या पलीकडं थांबला. तळमजल्याच्या खिडकीतून आत सगळं दिसत होतं. वाचायची लांबलचक टेबलं एकमेकांना जोडून त्यांवर ते निळं कापड अंथरलं होतं. कापडावर अजून कात्री लागली नव्हती. अगदी वेळेवर आलो, असं तो मनाशी म्हणाला आणि पुढं एक पाऊल टाकलंही.

मग त्याला ती दिसली. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, बाह्या कोपरापर्यंत, कानामागं खडू. टेबलाभोवती ती अशी फिरत होती, जणू ते सगळं दालन तिच्या बापजाद्यांचं आहे. लंबूनं तिला काम करताना इतकी वर्षं रोज पाहिलं होतं, पण ते हातभर अंतरावरून. लांबून असं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीची वरची झडप उघडी होती आणि तिच्यातून तिचा आवाज येत होता. ती गुणगुणत होती. दुकानात ती कधी गुणगुणत नसे.

ते त्याला सोसलं नाही. मगाशी भरून आलेलं सगळं आटलं आणि तिथं काहीतरी आंबट होऊन बसलं. माझ्याशिवाय ही एवढी मजेत? मग इतकी वर्षं काय नुसती पाट्या टाकत होती? आणि मनात आलं, फसू दे. चार बोटंच फसू दे. म्हणजे कळेल. काय कळेल आणि कुणाला, त्याचा त्यानं विचार केला नाही. तो वळला आणि चढ उतरू लागला. माणूस वाईट नव्हता तो. पण त्या वेळी त्यानं जे केलं ते वाईटच होतं, आणि त्याला ते उतारावरच कळत होतं.

दुकानाशेजारी किल्ल्या करून देणारा बसे. त्याला सगळे चावीवाला म्हणत. लंबूची ये-जा त्यानं दोन-तीनदा बघितली आणि कानस खाली ठेवली. "काय झालं? दुकान उघडतोस, बंद करतोस. कुलपाची परीक्षा चाललीय का?"

लंबूनं त्याला सगळं सांगितलं. गुणगुणणं तेवढं गाळलं.

"मग सांग की जाऊन तिला."

"तिनं नको म्हटलंय. सांगितलं तर म्हणेल, आलात नाक खुपसायला."

"मग नको सांगू."

"नाही सांगितलं तर एवढं कापड वाया जाईल. लोक हसतील तिला."

"मग सांग."

"अरे, तू एक काय ते बोल ना!"

"मी काय बोलू?" चावीवाला म्हणाला. "सांगितलंस तरी तू मार खाणार, नाही सांगितलंस तरी तूच खाणार. मग निदान कापड तरी वाचव."

लंबू दुकानात जाऊन बसला. बसायला जागा म्हणजे तिच्या मशीनसमोरचं बुटकं स्टूल. गुडघे फळीवर आपटले. उठला, पडद्यांच्या नमुन्यांची चळत उलगडली, पुन्हा तशीच रचली. जेवणाची वेळ टळून गेली, पण डबा उघडावासा वाटेना. आता ती पहिला काप घेत असेल. आता दुसरा. कात्रीचा तो आवाज त्याला इथं बसून ऐकू येत होता. शेवटी त्याला वाटलं, आपण आणखी इथं बसलो तर वेडे होऊ. दुकान उघडं टाकून तो निघाला, आणि चढ चढताना ह्या वेळी मधे कुठं थांबला नाही.

पण उशीर झाला होता. टेबलं रिकामी होती. कापलेले पट्टे खुर्च्यांच्या पाठींवर एकावर एक टाकलेले होते. एक पडदा कच्चे टाके घालून बघण्यासाठी टांगला होता आणि त्याच्या खालून दुपारचा कलता उजेड फरशीवर आला होता. ती त्या पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

मागं वळून न बघताच ती म्हणाली, "चार बोटं कमी आहे."

"हो," लंबू म्हणाला.

आता ती वळली. "हो म्हणजे? तुम्हाला दारातूनच दिसलं?"

"नाही. मला सकाळीच कळलं होतं." आणि एका दमात त्यानं सगळं सांगून टाकलं. दवाखान्यात लोळलेले पडदे, कड्या, हुक, मामा, स्वयंपाकघरातला पडदा.

"मग फोनवर का नाही बोललात?"

"तू म्हणाली होतीस, विचारायचं नाही."

"विचारायचं नाही म्हटलं होतं. सांगायचं नाही असं कुठं म्हटलं होतं?"

लंबूनं उरलेलंही बाहेर काढलं. "मी आलो होतो. समोरच्या बाजूला उभा होतो. तेव्हा कापड अख्खं होतं."

"मग?"

"तू गुणगुणत होतीस."

"मग?" तिचा आवाज चढला.

"मग मी परत गेलो. मला वाटलं, फसू दे. माझ्यावाचून जमत नाही असं होऊ दे एकदा. वाटलं मला. खोटं कशाला सांगू?"

ती खुर्चीवर बसली. लंबू उभाच राहिला. आता ती काय म्हणेल त्याची तो वाट बघत होता, आणि जे म्हणेल ते कमीच असेल अशी त्याची तयारी होती. तिनं टेप हातात घेतला, बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला.

"तुमचं माप जास्त असतं, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही आठवडाभर तोंड फुगवून बसला होतात. आठवतं तरी का? मग मी बोलणं सोडलं आणि कापणं धरलं." तिनं खाली बघितलं. "आणि परवा मावशींच्या दारापर्यंत गेले होते. सांगणार होते, ह्यांच्या आकड्यातून चार बोटं वजा करा. नाही सांगितलं. दारातूनच परत आले."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला जे वाटलं तेच मला वाटलं. लोळू देत, म्हटलं. कुणीतरी विचारू दे, आज मिसेस नाही आल्या?"

"विचारलं," लंबू म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी. अगदी ह्याच शब्दांत."

"खरंच?" क्षणभर तिचा चेहरा असा उजळला, की तिची तिलाच लाज वाटली आणि तिनं पदराशी खेळावं तशी ओढणीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"पण माहीत होतं, तर इथं का कमी कापलंस?"

"डोक्याला माहीत होतं हो," ती वैतागून म्हणाली. "हातानं डोक्याला विचारलंच नाही."

तेवढ्यात दार लोटून ग्रंथपाल आत आले. आनंदानं बघायला आले होते बिचारे. पडद्याखालचा उजेड बघून थबकले. "हे... असंच असतं का? की अजून खाली येणार आहे?"

लंबू पुढं झाला. तक्रार आली की पुढं व्हायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं, आणि आज तर त्याच्या मनावर दगड होता. त्याला मनापासून वाटत होतं की हे सगळं आपल्या डोक्यावर घ्यावं, तिच्या वाट्याला काही येऊ देऊ नये. "साहेब, आमची चूक झाली," तो म्हणाला. "खरं तर माझ्यामुळंच—"

"थांबा," ती म्हणाली.

लंबू थांबला.

"चूक माझी आहे," ती ग्रंथपालांना म्हणाली. "माप मी घेतलं, कापलं मी. ह्यांचा काही संबंध नाही."

"अगं, पण मी सकाळी—"

"तुम्ही सकाळी केलंत ते तुमचं. त्याचं घरी बघू. हे माझं आहे. इथं तरी वाटा मागू नका."

ग्रंथपालांनी एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. आपण चुकीच्या वेळी आलो, हे त्यांना कळून चुकलं होतं. ती मात्र शांतपणे सांगत राहिली. हे कापड आता मिळायचं नाही. खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडावी लागेल. जोड दिसेल. दिसणार नाही असं ती म्हणणार नाही. पसंत नसेल तर आत्ता सांगा, ती सगळं उचलून नेईल.

"कुठला रंग जोडाल?" ग्रंथपालांनी विचारलं.

लंबूच्या ओठांवर उत्तर होतं. ते त्यानं दात आवळून आत ठेवलं.

ती खिडकीकडं बघत राहिली. "उद्या सांगते," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

ग्रंथपाल "बरं" म्हणाले. खूश नव्हते, पण नाही म्हणाले नाहीत. ते गेल्यावर लंबूनं विचारलं, "थांबू का मी? घड्या घालायला?"

"नको. तुम्ही जा. दवाखान्यातले पडदे काढून आणा."

"ते तू वर घेशील ना?"

"मी हात लावणार नाही. आणि मावशींकडंही द्यायचे नाहीत. तुम्ही लोळवलेत, तुम्हीच वर घ्या."

"मला कुठं शिवता येतं?"

"बघा की, येतं का."

"चिडली आहेस?"

"आहे. तुम्ही?"

लंबूनं प्रामाणिकपणे विचार केला. "मी पण आहे."

"मग घरी आल्यावर बोलू," ती म्हणाली आणि पट्टे मोजायला लागली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लंबू जमिनीवर बसलेला होता. एवढे लांब पाय कुठं ठेवायचे ते न समजून त्यानं ते पलंगाखाली सरकवले होते. मांडीवर दवाखान्यातला पडदा, दातात दोरा, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली. खालची दुमड त्यानं हातानं घालायला घेतली होती आणि हातभर घातलीही होती. ती एका बाजूला चढत गेली होती.

ती बॅग ठेवून समोर खुर्चीत बसली. त्यानं आणखी एक टाका घातला, तोही तिरका. तिचा हात आपसूक पुढं आला, पडद्याच्या काठापर्यंत पोचला. मग तिनं तो मागं घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"वाकडं येतंय," लंबू म्हणाला.

"दिसतंय."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"सांगू का?" तिनं विचारलं.

लंबूनं वर बघितलं. "सांग," तो म्हणाला. "पण हात लावू नकोस."

तिनं खुर्ची जरा पुढं ओढली आणि सांगायला लागली. आधी सगळं उसवा, म्हणाली. त्यानं हातभर शिवण उसवली आणि दोरा पुन्हा ओवायला घेतला.